स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण सहज म्हणतो. कामाच्या ठिकाणी नवी पद्धत आली आणि कोणी मागे राहिले, की ही म्हण हमखास ऐकू येते. मीही ती एकदा आईला ऐकवली होती. ती कितपत खरी आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

स्वभावाची वर्गवारी फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याच्या परंपरेने शरीरातील चार द्रवांवरून चार स्वभाव मानले. रक्ताधिक्य असलेला उत्साही, पिवळ्या पित्ताचा तापट, काळ्या पित्ताचा चिंताग्रस्त आणि कफाचा संथ. द्रवांची ही कल्पना आज शास्त्र मानत नाही. परंतु विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांनी अंतर्मुखता-बहिर्मुखता आणि भावनिक स्थैर्य-अस्थैर्य या दोन मोजपट्ट्या मांडल्या, तेव्हा त्यांच्या चार कोपऱ्यांत हेच चार स्वभाव बसले.

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. २०२१ साली नोंदवह्यांची माहिती मोबाईलवर भरण्याचे काम आले. मासिक बैठकीहून परतल्यावर आई सगळी हकीकत सांगे. एक ताई उत्साही. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळी बटणे दाबून पाहिली, पण महिनाअखेर निम्म्या मुलांची वजने भरायची राहिली. दुसऱ्या तापट. “पोरं सांभाळू का मोबाईल?” असे त्यांनी भर बैठकीत विचारले, इतरांच्याही मनात तेच होते. तिसऱ्या संथ. रोज चार-पाच नावे भरत गेल्या आणि सर्वांआधी मोकळ्या झाल्या. चौथी माझी आई. बटण दाबण्यापूर्वी ती मला तीन वेळा विचारी आणि भरलेले सारे पुन्हा वहीत उतरवून ठेवी.

मी वैतागून ती म्हण ऐकवली ती तेव्हाच. आई म्हणाली, “अगं, वहीत चुकलं तर खोडता येतं. यात काय चुकलं ते इंग्रजीत येतं. एखाद्या लेकराचं नाव गळलं तर जबाब कोण देणार?” मी तेव्हा ते कानाआड केले.

यंदा एका प्रयोगाविषयी वाचले आणि आईचे ते बोलणे आठवले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात हारवुड नावाचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामाची पद्धत थोडी बदलली, की तेथील उत्पादन घसरे आणि कामगार नोकरी सोडत. कोच आणि फ्रेंच यांनी तेथे केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला बदल नुसता समजावून सांगण्यात आला. त्याचे उत्पादन फारसे सावरले नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत शेकडा १७ जण काम सोडून गेले. ज्या गटांना बदल ठरवतानाच सहभागी करून घेतले, ते लवकर सावरले, पूर्वीपेक्षाही पुढे गेले, आणि त्या काळात त्यांच्यातले कोणी सोडून गेले नाही. पुढे अडीच महिन्यांनी पहिल्याच गटातल्या उरलेल्यांना नवे काम देताना त्यांनाही विचारात घेतले, तेव्हा तेही झपाट्याने सावरले. माणसे तीच, स्वभाव तेच!

म्हणून स्वभाव अगदीच गौण ठरतो असे नाही. उत्साही माणसाच्या कामावर कोणीतरी नजर टाकावी लागते, तापटाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, संथाला वेळ द्यावा लागतो, आणि चिंता करणाऱ्याला चूक दुरुस्त होते अशी खात्री हवी असते. स्वभावाला औषध नसेल, पण त्याला पथ्य आहे. आणि ते पाळायचे आहे बदल आणणाऱ्याने. आईच्या बाबतीत ते मी पाळले नाही.

आता आईचा हात मोबाईलवर सराईतपणे चालतो. वही मात्र अजून आहे. नवी सेविका शिकायला आली, की आई तिला आधी एकच गोष्ट दाखवते : चुकलेले दुरुस्त कसे करायचे.