गिटारवादन, दक्षिण अमेरिकेतील

स्पॅनिश व पोर्तुगीज वसाहतकारांनी सोळाव्या शतकापासून दक्षिण अमेरिकेत नेलेल्या गिटारवर्गीय तंतुवाद्यांतून तेथे विकसित झालेली वादनपरंपरा. मूलतः लोकगीतांच्या व नृत्यांच्या साथीचे हे वाद्य विसाव्या शतकात स्वतंत्र मैफलीचे वाद्य म्हणून प्रतिष्ठा पावले. असे होत असतानाही त्याचा नृत्याच्या लयीशी असलेला संबंध सुटला नाही, हे या परंपरेचे मुख्य वैशिष्ट्य होय.

गिटार बोटांनी वाजविताना उजव्या हाताचा अंगठा खालच्या सप्तकाच्या तारा छेडतो, तर तर्जनी, मध्यमा व अनामिका वरच्या तारांवर चालतात. त्यामुळे एकच वादक सुरावट, स्वरमेळ आणि ताल एकाच वेळी सांभाळू शकतो. स्थानिक गरजेनुसार या वाद्याची अनेक रूपे निर्माण झाली. आंदीज पर्वतप्रदेशातील चारांगो, व्हेनेझुएलातील चार तारांचे क्वात्रो व ब्राझीलमधील काव्हाकिन्यो ही त्यांपैकी होत. पोर्तुगीजांच्या संपर्कातून गिटार गोव्यातही रुजले आणि तेथील मांडो या गीतप्रकारात व्हायोलिन व घुमट यांच्याबरोबर त्याची साथ घेतली जाऊ लागली.

पॅराग्वायचा आगुस्तीन बार्रिओस (१८८५–१९४४) हा या परंपरेतील पहिला मोठा वादक-रचनाकार. गिटारवादनाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या अगदी आरंभीच्या वादकांत त्याची गणना होते. आतड्याच्या तारांऐवजी तो पोलादी तारा वापरी, म्हणून जाणकारांकडून त्याच्यावर टीका होत असे. गिटारचा स्वर छेडताच विरू लागतो. यावर उपाय म्हणून तीन बोटांनी एकच स्वर जलद गतीने पुनःपुन्हा छेडून तो अखंड भासविण्याचे तंत्र (ट्रेमोलो) बार्रिओसने विलक्षण प्रभावीपणे योजले. अरण्यातील स्वप्न असा नावाचा अर्थ असलेली त्याची रचना याचे उत्तम उदाहरण आहे. ला कातेद्राल (१९२१) या रचनेवर बाखच्या संगीताचा ठसा दिसतो. सुमारे १९३० नंतर काही वर्षे त्याने ‘नित्सुगा मांगोरे’ हे नाव धारण केले. नित्सुगा हे त्याच्या स्वतःच्या नावाचे उलट रूप, तर मांगोरे हे एका ग्वारानी आदिवासी नायकाचे नाव होय. या काळात तो पिसांचा शिरोभूषणयुक्त पोशाख घालून रंगमंचावर येई. जाहिरातीत त्याचे वर्णन अरण्यातून आलेला कलावंत असे असले, तरी श्रोत्यांना तो बाख व शोपॅं यांचेही संगीत ऐकवीत असे. अखेरची वर्षे त्याने एल साल्वादोरमध्ये अध्यापनात घालविली व तेथेच त्याचे निधन झाले. हयातीत त्याच्या फार थोड्या रचना प्रसिद्ध झाल्या. शिष्यांनी जपलेली हस्तलिखिते आणि जुन्या ध्वनिमुद्रिका यांवरून त्या पुढे संकलित करण्यात आल्या. जॉन विल्यम्स या वादकाच्या १९७७ च्या ध्वनिमुद्रिकेनंतर त्यांचा जगभर प्रसार झाला.

ब्राझीलच्या एइतोर व्हीला-लोबोसने (१८८७–१९५९) तरुणपणी रिओ दे जानेरोच्या शोरो वादकांबरोबर गिटार वाजविले होते. त्याच्या बारा अभ्यासरचना (१९२९) स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया याला अर्पण केलेल्या आहेत. त्यांतील पहिल्या रचनेत डाव्या हाताची एकच मांडणी पडद्यापडद्याने खाली सरकत जाते व मोकळ्या तारांचा नाद तसाच चालू राहतो. बोटांच्या सवयीतून स्वरमेळाची नवी कल्पना कशी निर्माण होते, याचा हा नमुना होय. पाच प्रिल्यूड (१९४०) व गिटार कॉन्चेर्तो (१९५१) या त्याच्या इतर प्रमुख रचना.

व्हेनेझुएलाचा आंतोनिओ लाउरो (१९१७–८६) वॉल्ट्झ रचनांसाठी प्रसिद्ध आहे. या रचनांतील सहा मात्रा कधी तीन-तीन, तर कधी दोन-दोन-दोन अशा विभागल्या जातात व पुष्कळदा दोन्ही विभागण्या एकाच वेळी चालतात. दादऱ्याच्या सहा मात्रा परिचित असलेल्या श्रोत्यास हा लयभेद सहज उमगतो. लाउरोच्या रचना आलिरिओ दीआस (१९२३–२०१६) या वादकाने अन्य देशांत पोहोचविल्या. उरुग्वायच्या आबेल कार्लेव्हारोने (१९१६–२००१) हाताच्या हालचालींचा शास्त्रशुद्ध विचार करून अध्यापनपद्धती तयार केली. अर्जेंटिनाच्या आताउआल्पा युपांकीने (१९०८–९२) ग्रामीण श्रमिकांचे जीवन गीतांतून मांडले. ब्राझीलमध्ये झ्वांव जिल्बेर्तो (१९३१–२०१९) व बादेन पॉवेल (१९३७–२०००) यांनी सांबाची लय गिटारवर नव्या रीतीने आणली.

या वाद्याच्या नादाचा मोठा आधार म्हणजे त्याचे लाकूड. गिटारची पुढची फळी सामान्यतः स्प्रूस किंवा सीडरची, तर मागची व बाजूच्या फळ्या कठीण, जड लाकडाच्या असतात. यासाठी ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याजवळील वनांतील शिसवी (डाल्बर्जिया नायग्रा) सर्वोत्तम मानले जाई. अतितोडीमुळे ते दुर्मिळ झाले. ब्राझीलने त्याच्या ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर १९७० च्या सुमारास अनेक कारखानदार भारतीय शिसवीकडे (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) वळले. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराने (साइट्स) ब्राझिली शिसवीचा व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ बंद केला व २०१७ पासून डाल्बर्जिया प्रजातीतील इतर सर्व वृक्षही नियंत्रणाखाली आणले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत देण्यात आली.

भारतीय शिसवी महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग) या जिल्ह्यांच्या पानझडी अरण्यांतही साग, ऐन, बिजा यांच्या जोडीने आढळतो. मात्र तो सागासारखा विपुल नसून विरळ विखुरलेला असतो. गिटारसाठी परदेशी जाणारे लाकूड मुख्यतः दक्षिण भारतातील असते. विदर्भात शिसवीचा उपयोग प्रामुख्याने घरगुती सामानासाठी होतो. हा वृक्ष अतिशय सावकाश वाढतो व वाद्यास योग्य अशी रुंद फळी केवळ जुन्या, मोठ्या घेराच्या खोडातूनच मिळते. त्यामुळे ब्राझीलमध्ये घडलेल्या ऱ्हासाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी या अरण्यांतील जुन्या शिसवींचे रक्षण आणि नव्या रोपांची जोपासना आवश्यक ठरते. बार्रिओसच्या रचना हस्तलिखिते व ध्वनिमुद्रिका यांमुळे टिकून राहिल्या; तोडलेल्या जुन्या वृक्षाची उणीव भरून निघण्यास मात्र अनेक दशके लागतात.