समेट म्हणजे तक्रार मागे घेणे नव्हे

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, तेव्हा शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ गौतमाने विरोध केला. आधी चूक कोणाची ते तपासा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. बहुमताने ते फेटाळले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हा प्रसंग सांगितला आहे. बहुमत म्हणजे एकमत नव्हे, हा त्यातला धडा.

आपल्या विंचूरहून येवल्याच्या मुक्तिभूमीकडे जाणारा रस्ता पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. तिथल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. सभागृहात बहुमत होते, गावांत एकमत नव्हते. दलित वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून नामविस्तार झाला. नावाचा तिढा सुटला. पण ज्यांची घरे जळाली त्यांच्या न्यायाचा प्रश्न त्या तडजोडीत नव्हता.

आजही गावात भांडण झाले की पुढारी पारावर बैठक बोलावतात आणि ‘झालं गेलं विसरा, केस मागे घ्या’ म्हणतात. हा समेट नव्हे, दबाव आहे. संवाद घडवू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणून काही गोष्टी पाळाव्यात.

पहिली बैठक दोन्ही बाजूंची वेगवेगळी घ्यावी. पीडित कुटुंबाचे, विशेषतः बायांचे म्हणणे त्यांच्या वस्तीत जाऊन ऐकावे. मध्यस्थ दोघांनाही मान्य असावा. गुन्ह्याचा तपास पोलीस आणि न्यायालयाकडेच राहू द्यावा. बैठकीत बोलायचे ते पाणी, रस्ता, मिरवणूक, मजुरी आणि बहिष्कार यांवर. ठरेल ते लेखी घ्यावे आणि महिन्याने पुन्हा बसून तपासावे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. तिथेही विषय न्यावा.

मैत्री हे धम्माचे मूल्य आहे. पण ज्याचे घर जळाले, त्याला गप्प बसवून मैत्री होत नाही. त्याचे ऐकून घेण्यापासून ती सुरू होते.