सुरकुत्यांचे इंजेक्शन : घेतल्यानंतर काय जपावे?

चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवणाऱ्या ‘बोटॉक्स’ इंजेक्शनच्या जाहिराती मोबाईलमुळे आता पुसेगावसारख्या गावातही पोचल्या आहेत. ते घ्यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जाहिरातीत जे नसते, ते आम्ही येथे देत आहोत.

हे औषध म्हणजे एका जिवाणूचे विष, शुद्ध करून अत्यल्प प्रमाणात वापरलेले. नसेकडून स्नायूला जाणारा संदेश ते अडवते. स्नायू सैल पडतो आणि कपाळावरच्या आठ्या कमी दिसतात. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि ३ ते ४ महिन्यांत ओसरतो. म्हणजे खर्च पुन्हा पुन्हा येतो. शिवाय वर्षानुवर्षे उन्हात राबून पडलेल्या रेषा त्याने फारशा जात नाहीत.

घेतल्यानंतर : पहिले ४ तास आडवे होऊ नये. त्या दिवशी चेहरा चोळू नये, मसाज किंवा फेशियल करू नये. २४ तास जड कामे, कडक ऊन आणि मद्य टाळावे.

साधे त्रास : टोचल्या जागी दुखणे, सूज, काळेनिळे डाग, डोकेदुखी. हे बहुधा काही दिवसांत थांबते. कधी पापणी खाली ओघळते. ती सावरायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना दाखवावेच.

धोक्याची लक्षणे : गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास, एकाचे दोन दिसणे, अंगात अशक्तपणा. ही लक्षणे काही तासांनी, कधी काही आठवड्यांनीही येतात. अशा वेळी घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि इंजेक्शन घेतल्याचे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

गरोदर व अंगावर दूध पाजणाऱ्या मातांनी आणि स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असणाऱ्यांनी हे घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे.

२०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा अप्रशिक्षित हातून दिलेल्या अशा इंजेक्शनांमुळे अनेक महिला आजारी पडल्या. काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. म्हणून ब्युटी पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी, स्वस्तात मिळते म्हणून, हे टोचून घेऊ नये. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे, बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी, तिच्यावरची मुदत पाहावी आणि पावती मागावी. प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.