हिप-हॉप संस्कृती, मुंबई उपनगरांतील

साष्टी बेटावरील मुंबईच्या उपनगरांत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुजत गेलेली एक युवकसंस्कृती. लयबद्ध पद्यकथन (रॅप), तबकड्यांच्या साहाय्याने केलेले संगीतसंयोजन (डीजे), जमिनीलगतचे कसरतप्रधान नृत्य (ब्रेकिंग) व भित्तिलेखन (ग्राफिटी) ही तिची चार प्रमुख अंगे मानली जातात. तिचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला असला, तरी अंधेरी, कुर्ला आणि त्यांच्या आसपासच्या वस्त्यांत तिने स्वतंत्र भाषा व आशय धारण केला. तिच्या या स्थानिक रूपास ‘गल्ली रॅप’ असे सामान्यतः म्हटले जाते.

उगम : ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या भागातील एका निवासी इमारतीत झालेला नृत्यसमारंभ हा हिप-हॉपचा प्रारंभबिंदू समजला जातो. त्या समारंभात संगीत वाजविणारा क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क हा मूळचा जमेका बेटावरील होता. रस्त्यावर मोठे ध्वनिक्षेपक मांडून गाणी वाजविण्याची व त्यांवर तालात बोलण्याची जमेकातील प्रथा त्याला परिचित होती. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा (ब्रेक) नर्तकांना विशेष प्रिय असल्याचे ध्यानात घेऊन त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने वाजवून तो तुकडा लांबविला. या तुकड्यावर नाचणारे ते ‘बी-बॉय’ आणि त्यावर बोलणारे ते ‘एमसी’ होत. १९७९ मध्ये शुगरहिल गँग या गटाची ‘रॅपर्स डिलाइट’ ही ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाली, तर ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरिअस फाइव्ह यांच्या ‘द मेसेज’ (१९८२) या गीताने वस्तीतील दारिद्र्य व कोंडमारा हा रॅपचा विषय होऊ शकतो, हे दाखवून दिले. गल्ली रॅपचे नाते प्रामुख्याने या दुसऱ्या प्रवाहाशी आहे.

स्थानिक पार्श्वभूमी : मुंबई शहर मूळ सात बेटांवर वसले, उपनगरे मात्र त्यांच्या उत्तरेकडील साष्टी या मोठ्या बेटावर आहेत. १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत ती मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. ईस्ट इंडियन ख्रिस्ती व कोळी समाजांची जुनी गावठाणे, आरे परिसरातील आदिवासी पाडे, कारखान्यांभोवती वाढलेल्या चाळी, देशाच्या सर्व भागांतून आलेल्या स्थलांतरितांच्या झोपडपट्ट्या आणि मध्यमवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्था येथे एकमेकींना खेटून उभ्या आहेत. घरे अपुरी असल्याने तरुणांचा बराचसा वेळ गल्लीत, कट्ट्यावर व मैदानात जातो. एकाच गल्लीत मराठी, हिंदी, दखनी, गुजराती, तमिळ, कोकणी व इंग्रजी कानांवर पडत असल्याने शब्दांशी खेळण्याची सवयही सहज लागते.

उपनगरांना जाहीर ठिकाणी गाऊन गाऱ्हाणे मांडण्याची स्वतःची परंपराही आहे. शाहीर अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते. अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथकाद्वारे कामगारवस्त्यांतून पोवाडे, लावण्या व लोकनाट्ये सादर केली. घाटकोपरच्याच रमाबाई आंबेडकरनगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या पोलिस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडवस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. त्यांची स्मृती आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या अनुबोधपटाने जतन केली आहे.

गल्ली रॅप या परंपरेतूनच उद्‌भवला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कारण बहुतेक रॅपगायकांनी प्रथम अनुकरण केले ते अमेरिकन ध्वनिमुद्रिकांचे. परंतु डफाच्या ठेक्यावर प्रसंग कथन करणारा पोवाडा, कलगी-तुरा पक्षांतील शीघ्र सवाल-जवाब आणि आंबेडकरी जलसे यांच्याशी परिचित असलेल्या श्रोत्याला तालात केलेले कथन अथवा दोन गायकांमधील शाब्दिक झुंज (बॅटल) अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

प्रसार : १९९१ नंतर उपग्रह दूरचित्रवाणीवरून पाश्चात्त्य गीतांच्या चित्रफिती घरोघरी दिसू लागल्या. बाबा सेहगल यांच्या ‘ठंडा ठंडा पानी’ (१९९२) या संग्रहाने हिंदी रॅप सर्वपरिचित केला. मात्र त्याचे स्वरूप मुख्यतः विनोदी व मनोरंजनपर होते. नृत्याचा प्रसार त्याहून वेगाने झाला. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरी येथील क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला आणि त्याच वर्षी ‘बूगी वूगी’ ही नृत्यस्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली. वस्त्यांतील मुलांना नृत्याद्वारे नावलौकिक मिळविण्याचा एक मार्ग त्यामुळे दिसला.

रॅपच्या बाबतीत २००० नंतरची काही वर्षे उमेदवारीची होती. इंग्रजीतून लिहिणारे तरुण महाजालावरील गटांतून परस्परांना आव्हाने देत, तसेच उद्यानात वा समुद्रकिनारी वर्तुळाकार उभे राहून पाळीपाळीने पदे म्हणत. अशा मेळाव्यास ‘सायफर’ म्हणतात. त्याला रंगमंच, वाद्यवृंद वा तिकीट लागत नाही. तोंडानेच तालवाद्यांचे ध्वनी काढणारा एक साथीदार (बीटबॉक्सर) पुरेसा असतो. या सुलभतेमुळे ही कला गल्लीत टिकू शकली.

गल्ली रॅपचा उदय : अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगर भागातील विवियन फर्नांडिस ऊर्फ डिवाइन यांनी प्रारंभी इंग्रजीत लेखन केले व पुढे ते हिंदीकडे वळले. त्यांचे ‘ये मेरा बॉम्बे’ हे गीत २०१३ मध्ये आले. कुर्ल्याचे नावेद शेख ऊर्फ नेझी यांनी २०१४ मध्ये ‘आफत’ हे गीत आयपॅड या उपकरणावर ध्वनिमुद्रित केले व त्याची चित्रफीतही त्याच उपकरणाने तयार केली. ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे न परवडणाऱ्या कलावंतालाही आपले गीत स्वतः प्रसिद्ध करता येते, याचा तो लक्षणीय दाखला ठरला. या दोघांचे ‘मेरे गल्ली में’ हे संयुक्त गीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावरूनच या संप्रदायाचे नाव रूढ झाले. सप्टेंबर २०१६ पासून भ्रमणध्वनीवरील महाजालसेवा अत्यंत स्वस्त झाल्यावर त्याचा श्रोतृवर्ग देशभर विस्तारला.

उपनगरांच्या सीमेलगतच्या धारावीत याच काळात डोपॅडेलिक्स हा गट पुढे आला. वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणेच त्याची भाषाही हिंदी, मराठी व तमिळ अशी मिश्र होती. ‘काला’ (२०१८) या धारावीविषयक तमिळ चित्रपटाच्या संगीतात त्याचा सहभाग होता. कल्याणच्या दीपा उन्नीकृष्णन ऊर्फ डी एमसी या पुरुषप्रधान क्षेत्रात स्थान मिळविणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी एक होत.

भाषा व रचना : गल्ली रॅपची भाषा मुख्यतः मुंबईची बोलभाषा हिंदी होय. तिच्या व्याकरणावर व शब्दसंग्रहावर मराठीचा ठसा स्पष्ट दिसतो. ‘मेरे गल्ली में’ हे शीर्षकच त्याचे उदाहरण आहे. प्रमाण हिंदीत ‘गली’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘मेरी गली में’ असे रूप अपेक्षित आहे. येथे मराठीतील द्वित्तयुक्त ‘गल्ली’ हे रूप आणि लिंगभेद न पाळणारी मुंबईची वाक्यरचना दोन्ही कायम ठेवली आहेत. पाठ्यपुस्तकांनी व चित्रपटांनी ज्या बोलीला अशुद्ध वा विनोदी ठरविले, तीच येथे प्रतिष्ठेची भाषा झाली. या संप्रदायाचे हे सर्वांत टिकाऊ कार्य म्हणावे लागेल.

रचनेच्या दृष्टीने रॅप चार ठोक्यांच्या आवर्तनांवर बेतलेला असतो. सोळा आवर्तनांचे एक कडवे व त्यानंतर ध्रुवपद, अशी मांडणी प्रचलित आहे. आठ मात्रांच्या केरवा तालाची सवय असलेल्या कानाला हे आवर्तन सहज आकळते. अंत्ययमकाबरोबरच ओळीच्या मध्यभागी साधलेली यमके, श्वास घेण्याच्या जागा आणि ठोक्याच्या किंचित मागे-पुढे शब्द टाकण्याचे कौशल्य यांवर गायकाची कुवत ठरते. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी आपल्या ‘ता धोम’ प्रकल्पात मुंबईच्या रॅपगायकांना कर्नाटक संगीतातील कोन्नक्कोल या तोंडी तालोच्चाराच्या पद्धतीचा परिचय करून दिला. त्यातून तयार झालेले ‘इंडिया ९१’ हे बहुभाषी गीत पुढे ‘गली बॉय’ या चित्रपटात समाविष्ट झाले.

आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे टपाल क्रमांकाचा केलेला वापर. पिन ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यातील शेवटचे अंक गायकांनी आपल्या वस्तीची निशाणी म्हणून स्वीकारले : जे. बी. नगर ५९, कुर्ला ७०, धारावी १७. नेझींवरील अनुबोधपटाचे नाव ‘बॉम्बे ७०’ (२०१४) असे आहे, तर धारावीच्या एमसी अल्ताफ यांच्या गीताचे ‘कोड मुंबई १७’ (२०१९) असे आहे. नोकरीच्या अर्जावर जो पत्ता लिहिण्यास संकोच वाटावा, तोच गीतात अभिमानाने उच्चारला जातो.

आशय : पाणी, पोलिस, बेकारी, मैत्री, आईचे कष्ट व गल्लीचा अभिमान हे या गीतांचे नेहमीचे विषय होत. स्वदेसी या मुंबईच्या गटाने त्यापुढे जाऊन स्पष्ट राजकीय भूमिका घेतली. त्याच्या गायकांनी हिंदी, मराठी व गुजराती या भाषांत रचना केल्या. त्यांपैकी गुजरातीत लिहिणारे धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड यांचे २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी निधन झाले. आरे येथील आदिवासी कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांच्या सहभागाने स्वदेसीने ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) हे गीत तयार केले. जंगल व जमीन यांवरील आदिवासींचा हक्क हा त्याचा विषय आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरे येथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. वारली लोकगायन आणि रॅप यांचा असा संयोग साष्टी बेटाच्या सर्वांत जुन्या व सर्वांत नव्या गीतप्रकारांची भेट घडवितो.

नृत्य व भित्तिलेखन : उपनगरांत, तसेच त्यांच्या उत्तरेस वसई-नालासोपारा पट्ट्यात नृत्यपथकांची वाढ लक्षणीय आहे. तेथील सुरेश मुकुंद यांच्या पथकाने २०१५ मध्ये सॅन डिएगो येथील जागतिक हिप-हॉप नृत्यस्पर्धेत कांस्यपदक मिळविले आणि २०१९ मध्ये ‘द किंग्ज’ या नावाने ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील स्पर्धा जिंकली. एकेरी ब्रेकिंगच्या ‘रेड बुल बीसी वन’ या स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश होता. भित्तिलेखन मात्र येथे तुलनेने क्षीण राहिले. वांद्रे येथील भित्तिचित्रे प्रसिद्ध असली, तरी ती बहुतांशी चित्रकलेच्या अंगाने जाणारी असून वस्तीतील रॅपशी त्यांचा संबंध अल्प आहे.

व्यावसायिक रूप : झोया अख्तर दिग्दर्शित ‘गली बॉय’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. डिवाइन व नेझी यांच्या जीवनावरून स्फूर्ती घेतलेल्या या चित्रपटाचे कथानक धारावीत घडते. ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली आणि त्याला तेरा फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी डिवाइन यांनी ‘गली गँग’ ही संस्था स्थापन केली व त्यांचा ‘कोहिनूर’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. अमेरिकन रॅपगायक नास यांच्या मास अपील या कंपनीनेही २०१९ मध्ये भारतात शाखा उघडली.

या यशाचे परिणाम दुहेरी झाले. रॅप हा उपजीविकेचा व्यवसाय होऊ शकतो, असा विश्वास वस्त्यांतील तरुणांना मिळाला. दुसरीकडे ‘गल्ली’ हा शब्द विक्रीचे चिन्ह बनला. जाहिरातींत व चित्रपटगीतांत तिचा पेहराव आला, गाऱ्हाणे मागे राहिले. कीर्तीबरोबर गायक गल्लीतून बाहेर पडतो आणि ज्या अनुभवामुळे त्याच्या शब्दांना वजन होते, त्यापासून दुरावतो, हा पेच या संप्रदायाला सुटलेला नाही. आत्मप्रौढी, हिंसेचे उदात्तीकरण व स्त्रियांविषयीची हीन भाषा हे रॅपवर सर्वत्र घेतले जाणारे आक्षेप येथील काही रचनांनाही लागू पडतात.

महत्त्व : १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची स्थापना झाल्यापासून उपनगरांतील अनेक वस्त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. घर पक्के झाले, तरी कट्टा, बोळ व सार्वजनिक नळ यांभोवती घडणारे समूहजीवन त्याबरोबर नाहीसे होते. नकाशांत व सरकारी दप्तरांत या जीवनाची नोंद क्वचितच सापडते. वस्त्यांची नावे, तेथील बोली, टोपणनावे आणि दैनंदिन अडचणी यांची नोंद त्या वस्त्यांतील तरुणांनीच आपल्या गीतांत केली आहे. या दृष्टीने गल्ली रॅप हा करमणुकीचा प्रकार तर आहेच. परंतु एकविसाव्या शतकातील साष्टी बेटाच्या सामाजिक इतिहासाचे व मुंबईच्या बोलीचे ते एक महत्त्वाचे साधनही आहे.