टेकडीमागे पडलेला अग्निगोल

शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात आणि असा अग्निगोल रात्रीच्या आकाशातून गेला की तो ‘समोरच्या टेकडीमागेच’ पडल्याचे शपथेवर सांगणारे लोक शेकडो किलोमीटर अंतरावरच्या गावांतून एकाच वेळी पुढे येतात; इतक्या टेकड्यांमागे एकच दगड कसा पडेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही.

उल्का साधारणपणे १०० किलोमीटर उंचीवर उजळू लागते. तिचे काही तुकडे शिल्लक राहिलेच, तरी हवेच्या रोधामुळे त्यांचा वेग इतका घटतो की पृष्ठभाग वितळेनासा होतो आणि प्रकाश विझतो. अमेरिकन मीटिऑर सोसायटीच्या माहितीनुसार हे सहसा १५ ते २० किलोमीटर उंचीवर घडते. तेथून जमिनीपर्यंतचा काही मिनिटांचा प्रवास काळोखात होतो आणि रात्री तो कोणालाही दिसत नाही. २० किलोमीटर उंचीवर विझलेला प्रकाश २०० किलोमीटर दूरच्या माणसाला क्षितिजापासून जेमतेम पाच अंश वर दिसतो आणि आकाशात अंतराचा अंदाज देणारी कोणतीही खूण नसल्यामुळे डोळा तो जवळच्या टेकडीला नेऊन चिकटवतो. ९ ऑक्टोबर १९९२ च्या शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेच्या पूर्व भागावरून गेलेला हिरवट अग्निगोल सुमारे ७०० किलोमीटरच्या मार्गावर ४० सेकंदांहून अधिक काळ दिसत राहिला आणि शालेय फुटबॉल सामने टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतही आला. त्याचा सुमारे १२ किलोचा अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेला दगड, मात्र न्यूयॉर्क राज्यातील पीक्सकिल गावी उभ्या मोटारीवर आदळला.

उल्का केवळ घर्षणाने तापते, हेही अर्धसत्यच आहे, कारण बहुतेक उष्णता तिच्यापुढे दाबल्या गेलेल्या हवेची असते. स्फोटाचा आवाज प्रकाशासोबत येत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क येथे झगमगाट पाहून लोक खिडक्यांशी आले आणि मिनिटाहून अधिक काळाने पोहोचलेल्या धक्कालहरीने फुटलेल्या काचांमुळे शेकडो जण जखमी झाले.

मिनिटभर रेंगाळत, तुकड्यांची रांग घेऊन जाणारा प्रकाश तर बहुधा उल्काच नसतो, कारण कक्षेतून परतणारे अवशेष उल्केपेक्षा बरेच संथ असतात. २ एप्रिल २०२२ रोजी विदर्भात दिसलेला असा झोत अनेकांनी उल्का ठरवला, परंतु खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो चिनी अग्निबाणाचा टप्पा होता. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे त्या रात्री गावाजवळ खरोखरच काही पडले होते, पण ते होते धातूचे भलेमोठे कडे.