काळवीट रानातले नव्हे, माळावरचे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्ही कवी मंडळींनी हरणावर एक अन्याय करून ठेवला आहे. कवितेत हरिण आले की मागे गर्द झाडी, वेली आणि झुळझुळणारा झरा आलाच. चितळ किंवा सांबर असेल तर हे चित्र खपून जाईल. काळविटाला मात्र गर्द झाडी नकोशी असते. ते मोकळ्या माळरानाचे जनावर आहे.

मुळात काळवीट आणि चितळ ही एका कुळातली नव्हेत. चितळ-सांबराच्या नराची शिंगे फांद्याफांद्यांची असतात, दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची पिळदार शिंगे आतून हाडाची, वरून खोळीसारखी. ती जन्मभर टिकतात. शास्त्रज्ञ या गटाला कुरंग म्हणतात. आपल्या माळावरचा चिंकाराही याच गटातला. उर्दू शायर सुंदर डोळ्यांना ज्या ‘गझाल’ची उपमा देतात, तो गझाल चिंकाऱ्याचाच भाऊबंद.

काळविटाला मोकळी जागा का लागते? त्याचा बचाव लपण्यात नाही, पाहण्यात आणि पळण्यात आहे. लांडगा दुरून दिसला पाहिजे आणि धावायला वाट मोकळी पाहिजे. म्हणून जिथे गवत आखूड आणि नजर लांब जाते, तिथे त्यांचे कळप मोठे असतात. झुडपे वाढली की कळप लहान होतात. फक्त नुकतेच जन्मलेले पाडस याला अपवाद. त्याला पळता येत नाही, म्हणून आई त्याला उंच गवतात दडवून ठेवते. म्हणजे एकाच माळावर आखूड गवतही हवे आणि उंच गवतही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरांच्या आसपास. मी तिथे गेलो तेव्हा एक काळा नर एकाच जागी बराच वेळ उभा दिसला. मला वाटले, कळपाची राखण करतोय. पण तो राखतो ती जागा. ठरावीक ठिकाणी लेंड्या टाकून आणि डोळ्याजवळच्या ग्रंथीतला स्राव काड्यांना पुसून तो आपली हद्द आखतो. माद्यांचा कळप गवताच्या मागे फिरतो. आणि माद्या जिथून जातील अशी जागा नर धरून बसतो. ज्यांना जागा मिळत नाही त्या तरुण नरांचे वेगळेच टोळके असते.

आता एवढ्याशा जागेत हे सारे मावणार कसे? पावसाळ्यात माळ हिरवा असतो तोवर ठीक. थंडीत गवत वाळते आणि शेजारच्या रानात शाळू, हरभरा डोलू लागतो. कळप सांजसकाळ शिवारात उतरतात आणि पुन्हा माळावर परततात. अभयारण्याची हद्द कागदावर असते, काळविटाला ती ठाऊक नसते. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. भरपाईची तरतूद आहे, पण अर्ज-पंचनाम्याच्या खेपा कोरडवाहू शेतकऱ्याला परवडतातच असे नाही. १९७२च्या कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत ठेवून सर्वांत कडक संरक्षण दिले. त्याच्या चाऱ्याचा भार मात्र शेजारच्या शेतकऱ्यावर पडला.

आपल्या कोल्हापूरकरांना हा विषय दूरचा वाटेल. पण इथल्या संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटाची शिकार होत असे. देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून आणलेले चित्तेही इथे पाळले गेले. चित्ता काही शे मीटरच जीव तोडून धावतो. तेवढ्यात काळवीट हाती लागले तर लागले, नाही तर गेले. असा पाठलाग झाडीत होऊच शकत नाही. म्हणजे संस्थानिकांच्या शिकारीच्या टापूत एके काळी लांबलचक मोकळे माळ होते. पुढे भारतातला चित्ता संपला; १९५२ साली तशी नोंद झाली. जिल्ह्याच्या पूर्वेला आज नजर पोचेल तिथवर ऊस आहे. पाणी आले, घरे सावरली. त्याबद्दल तक्रार नाही. पण जे गेले त्याची नोंद तरी असावी.

माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाची उरलेली पडीक जमीन, अशी आपली समजूत. इंग्रजांच्या महसुली दप्तरातून ती आली आणि मुरली. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुने मराठी वाङ्मय आणि ओव्या तपासून त्यांतल्या रानझाडांची नावे काढली. बहुतेक झाडे माळावरचीच निघाली. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ राने निदान साडेसातशे वर्षांची आहेत. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेची म्हणून दाखवतात ती तरटी आठवा. तीही कोरड्या माळाचीच. आमच्या भाषेने हा पुरावा जपून ठेवला होता, वाचणारे उशिरा आले एवढेच.

म्हणून एक विनंती. पावसाळा आला की शाळा, मंडळे, कार्यालये उघड्या माळावर खड्डे घेतात आणि रोपे लावतात. हेतू चांगला असतो. पण माळावर गिरिपुष्पाची दाटी झाली की गवत जाते, नजर अडते आणि काळवीट निघून जाते. वेड्या बाभळीची गोष्ट तर आणखी विचित्र. तिच्या शेंगा काळवीट आवडीने खाते आणि लेंडीतून तिचे बी माळभर पसरवते. आपण आणलेले झाड त्याच्याच पोटातून त्याचे घर बुजवते.

झाडे जरूर लावा. रस्त्याच्या कडेला लावा, शाळेच्या आवारात लावा, बांधावर लावा. पण गवताने भरलेला माळ दिसला तर खड्डा घेण्याआधी गावातल्या धनगराला विचारा, इथे काय चरते, कोण येते-जाते. त्याला माहीत असते. माळ रिकामा नसतो. फक्त तिथे राहणारा आपली चाहूल लागताच दूर गेलेला असतो.