आठवड्याचे १६८ तास

जूनमध्ये शाळा उघडते आणि दोन-तीन आठवड्यांतच सूचनाफलकावर कागद लागू लागतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, गणित ऑलिंपियाड, राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा, आंतरशालेय कबड्डी, वक्तृत्व, नाट्यवाचन. हुशार म्हणून नाव झालेल्या मुलामुलींची तर पंचाईतच असते. विज्ञानाच्या बाई म्हणतात, "तू आहेसच." क्रीडाशिक्षक म्हणतात, "तुझ्यावाचून संघ कसा व्हायचा?" घरी सांगतात, "सगळे कर, पण टक्के घसरता कामा नयेत." आणि या सगळ्यावर कोणीतरी शिक्कामोर्तब करतो, "चांगल्या कॉलेजात जायचे तर हे सारे लागतेच!"

विद्यार्थिमित्रांनो, हे शेवटचे वाक्य कितपत खरे आहे, ते आधी तपासून पाहू या.

आपल्याकडचे दार घ्या. आयआयटीत प्रवेश मिळतो तो जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेतील क्रमांकावर. २०२४ साली या परीक्षेचे दोन्ही पेपर १ लाख ८० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिले, आणि सर्व आयआयटी मिळून जागा होत्या सुमारे १७ हजार ७००. तुम्ही तबला वाजवता की भाला फेकता, हे तेथे कोणी विचारीत नाही. अलीकडे या भिंतीला थोड्या खिडक्या पडल्या आहेत, एवढे खरे. मद्रास आयआयटीने २०२४ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५ पासून कलावंतांसाठी थोड्या जास्तीच्या जागा ठेवल्या. मात्र त्यांनाही अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत यावेच लागते. विज्ञान ऑलिंपियाडमध्ये पुढे गेलेल्यांसाठीही त्या संस्थेने २०२५ पासून वेगळी वाट काढली आहे. दहावीच्या परीक्षेत इंटरमिजिएट चित्रकलेच्या श्रेणीप्रमाणे ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, हे तर तुम्हांला ठाऊकच आहे. पण सात गुणांसाठी कोणी दोन वर्षे स्थिरचित्रे रंगवीत बसत असेल, तर त्याने गणित चुकवले असेच म्हणावे लागेल. चित्रकला आवडत असेल तर गोष्ट निराळी.

इंग्लंडातील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे रीत वेगळी आहे. तेथील प्राध्यापक तुम्हांला ज्या विषयाला प्रवेश हवा त्याच विषयावर मुलाखत घेतात आणि एखादे अनोळखी गणित समोर ठेवून तुम्ही विचार कसा करता, हे पाहतात. पाठ्यपुस्तकाबाहेर त्या विषयात तुम्ही काय वाचले, काय करून पाहिले, याला तेथे किंमत आहे. वक्तृत्वाच्या ढालीने फारसे काही साधत नाही.

अमेरिकेतील मोठी विद्यापीठे मात्र साऱ्या विद्यार्थ्याकडे पाहतात, असे आपण ऐकतो. ते खरे आहे. पण ही पद्धत कशी आली, हेही जाणून घेण्यासारखे आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये परीक्षेतील गुणांवर प्रवेश मिळवणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली. अध्यक्ष लॉवेल यांना ते रुचेना. १९२२ साली त्यांनी ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. तो उघडपणे मान्य झाला नाही. १९२६ पासून मात्र गुणांबरोबर 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन देण्यात आले, आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पुढे खाली आणले गेले. आज ही पद्धत बऱ्याच निराळ्या हेतूंनी राबवली जाते. तरी 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' हे शब्द कानी पडले की त्यांना निसर्गनियमाचा मान देण्याचे कारण नाही.

तेथील पुष्कळ विद्यापीठांना चालणारा एक सामाईक अर्ज आहे. त्यात शाळेबाहेरच्या उद्योगांसाठी दहा रकाने असतात, आणि प्रत्येक उद्योगाचे वर्णन १५० अक्षरांत बसवावे लागते. आठवड्याचे किती तास, वर्षाचे किती आठवडे, हेही लिहावे लागते. दहा रकाने पाहिले की आपल्याला दहा गोष्टी करण्याचा मोह होतो. पण एमआयटी ही जगप्रसिद्ध संस्था आपल्या स्वतंत्र अर्जात चारच उद्योग विचारते! आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. धाकट्या भावंडांना सांभाळणे, शेतात किंवा दुकानात हातभार लावणे, ही कामेही त्या अर्जात उद्योग म्हणून लिहिता येतात. ज्या मुलाची संध्याकाळ गोठ्यात जाते त्याला 'आपण काहीच करीत नाही' असे वाटण्याचे कारण नाही.

म्हणजे तीन देशांची तीन कुलुपे, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. ही कुलुपे बदलतातही. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ साली सुरू झाली. तिची परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळे, शिवाय बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयसर यांची दारेही उघडत. हजारो मुले तिच्यासाठी अकरावीपासून तयारी करीत. २०२२ साली ती बंद झाली. ज्यांनी केवळ दार उघडावे म्हणून घोकंपट्टी केली होती त्यांच्या हातात काय उरले, आणि ज्यांनी त्या निमित्ताने भौतिकशास्त्र खरेच समजून घेतले त्यांच्या हातात काय उरले, याचा विचार तुम्हीच करा.

आता वेळेचा हिशेब करू. वही-पेन्सिल घ्या. आठवड्याचे तास १६८. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संघटनेने २०१६ साली तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी रोज आठ ते दहा तास झोप सांगितली आहे. आपण साडेआठ धरू. आठवड्याचे झाले साठेक तास. शाळा सहा दिवस, जाणे-येणे धरून सात तास, हे बेचाळीस. आंघोळ, जेवण, कपडे, इकडेतिकडे, यांचे रोज अडीच तास धरले तर साडेसतरा. उरले साडेअठ्ठेचाळीस. गृहपाठ आणि रोजचा अभ्यास अडीच तास, म्हणजे आणखी साडेसतरा गेले. क्लास असेल तर जाण्यायेण्यासह आठवड्याचे पंधरा. हाती राहिले सोळा. त्यांतून पाहुणे, ताप, घरची कामे, गणपतीची आरास यांचे चार तास वजा करा.

बारा तास! सूचनाफलकावरच्या सगळ्या स्पर्धा, सगळे खेळ आणि सगळ्या कला या बारा तासांत बसवायच्या आहेत. सहा गोष्टी घेतल्या तर प्रत्येकीला दोन तास येतात. यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे झोपेतून उसने घेणे. हा व्यवहार फार तोट्याचा आहे. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. दीड तास जागून जे वाचले त्याचा मोठा भाग सकाळी हाती लागत नाही, आणि वर्गात जांभया येतात त्या निराळ्याच.

तेव्हा गोष्टी कमी करायला हव्यात. पण त्याआधी आणखी एक बाब पाहू. वेळापत्रक आखताना ती हमखास विसरली जाते. प्रत्येक उद्योगाला वेळ किती हवा याइतकेच, तो किती मोठ्या तुकड्यांत हवा, हे महत्त्वाचे असते.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ते किती वेगाने विसरतात ते मोजायचे. त्याला दिसले की विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते, नंतर मंदावते; आणि तीच उजळणी एका बैठकीत करण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने विभागून केली तर कमी श्रमात अधिक टिकते. पुढे अनेकांनी वेगवेगळ्या प्रकारच्या शिकण्यात हे पडताळून पाहिले आहे. तबल्याचे बोल, इंग्रजी शब्द, धावण्याचा सराव यांना रोजचा थोडा थोडा वेळच मानवतो. रविवारी एकदम साडेतीन तास तबला बडवून बोटे दुखतील, हात बसणार नाही. रोज अर्धा तास वाजवला तर बसेल.

ऑलिंपियाडच्या गणिताचे याच्या नेमके उलट आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाले. भारत त्यात १९८९ पासून भाग घेतो. त्यात दोन दिवस मिळून सहाच प्रश्न असतात. एका दिवशी तीन प्रश्न आणि साडेचार तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये लेखी परीक्षा पाच तासांची आणि प्रयोगाचीही पाच तासांची असते. असा एखादा प्रश्न समोर घेतला की पहिला अर्धा तास काहीच सुचत नाही. मग एक वाट दिसते, ती चुकीची निघते. दुसरी वाट अर्ध्यावर अडते. या अडण्यातच खरे शिकणे आहे. तुमच्या वेळापत्रकात त्या प्रश्नाला अर्धाच तास असेल तर दर वेळी तुम्ही पहिल्या पायरीवरूनच उठाल, उत्तरपुस्तिका उघडाल आणि 'हे मला येत नाही' असे ठरवून मोकळे व्हाल. येत होते, बसायला वेळ नव्हता.

म्हणून बारा तासांची एक मांडणी करून पाहा. रोज अर्धा तास तबला, आठवड्याचे साडेतीन. रविवारी सकाळी सलग साडेतीन तास प्रश्न सोडवणे, घड्याळ उलटे ठेवून. मधल्या वारी एकेका तासाच्या दोन बैठका, त्या विषयातले नवे काही वाचायला. हे झाले नऊ. उरलेल्या तीन तासांत काहीही लिहू नका. तबल्याच्या जागी कबड्डी असेल तर तिला रोज तासभर मैदान लागेल. मग मधल्या बैठका आणि ते मोकळे तास आखडावे लागतील, पण रविवारची सकाळ सोडू नका. दोनच गोष्टी घेतल्या तरी दिवस पुरत नाही, हे यावरून दिसेलच.

कोणत्या दोन? येथे मी माझे मत सांगतो. एक अशी असावी जिच्यात डोके अडते, आणि दुसरी अशी की तिच्यात हात, गळा किंवा पाय कामाला लागतात. ज्यांच्या नावाने आपली बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालते ते होमी भाभा चित्रे काढीत आणि पाश्चात्त्य संगीताचे दर्दी होते. सत्येंद्रनाथ बोस इसराज वाजवीत. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने विज्ञानकथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. आता चित्रे काढली म्हणून कोणी भाभा होत नाही, हे उघडच आहे. चित्रे काढणारे आणि भाभा न झालेले लोक कितीतरी अधिक आहेत! एवढे मात्र दिसते की छंदामुळे यांचे विज्ञान बुडाले नाही.

स्पर्धा निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. 'ऑलिंपियाड' हे नाव कोणालाही घेता येते. शाळाशाळांतून शुल्क घेऊन होणाऱ्या कितीतरी खासगी परीक्षांना हेच नाव असते. त्यांत अर्ध्या वर्गाला पदके मिळतात आणि वर्गाबाहेर त्या पदकांना कोणी ओळखत नाही. देशाचा संघ ज्या परीक्षांतून निवडला जातो त्यांचे काम मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. त्यांच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. परीक्षेला बसायचे नसले तरी एखाद्या रविवारी त्या सोडवून पाहायला कोणाचीच आडकाठी नाही. प्रकल्पाची आवड असेल तर १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद चांगली. तिच्यात आपल्याच गावच्या पाण्यावर, मातीवर, कचऱ्यावर काम करता येते. मात्र प्रकल्प आपला असावा. बाजारातून विकत आणलेला ज्वालामुखी आणि वडिलांनी रात्री जागून चिकटवलेले धरण विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी दिसतात. परीक्षकाच्या दुसऱ्याच प्रश्नाला मूल वडिलांकडे पाहू लागते.

शिक्षकबंधुभगिनींसाठी दोन शब्द. प्रत्येक स्पर्धेला तीच चार मुले पाठवण्याची सवय मोडता येईल का? त्या चौघांचे तास आपण खातो, आणि मागच्या बाकावरच्या ज्या मुलीने घरी बिघडलेला पंखा उघडून पाहिला आहे तिची पाळी कधीच येत नाही. दुसरे असे, की बारावीच्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिंपियाडचे टप्पे, जेईईची पहिली फेरी, प्रात्यक्षिके आणि बोर्डाची परीक्षा एकमेकांवर आदळतात. तेथे समतोलाच्या गोष्टी सांगून उपयोग नसतो. सुरुवात आठवी-नववीतच व्हायला हवी. गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा अलीकडे सप्टेंबरच्या सुमारास असते आणि तिची तारीख पुष्कळ आधी जाहीर होते. शाळेच्या परीक्षांचे वेळापत्रक बसवताना ती तारीख समोर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी इतिहासाचा पेपर येणार नाही. हे काम मुख्याध्यापकांच्या खोलीत जूनमध्येच पाच मिनिटांत होण्यासारखे आहे.